संपलेला बटण सेल मुलाच्या घशात काय करतो

रिमोट चालेनासा झाला की जुना सेल काढून नवा घालतात आणि जुना तिथेच टेबलावर राहतो. घरात लहान मूल असेल तर त्या खोलीतली सगळ्यात धोक्याची वस्तू बहुधा तीच. नवा लिथियम बटण सेल (नाण्यासारखा गोल, चपटा) ३ व्होल्टचा असतो. रिमोट बंद पडतो तो त्याला लागणारा विद्युतदाब (व्होल्टेज) मिळत नाही म्हणून; सेलमध्ये काहीच उरलेलं नसतं म्हणून नव्हे. सव्वा व्होल्टच्या आसपास उतरलेला सेलही अन्ननलिका जाळू शकतो.

सेल फुटतो, आतलं रसायन गळतं आणि त्याने जखम होते, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होऊ शकतं, पण मुख्य घात गळतीशिवायच होतो. सेल अन्ननलिकेत अडकला की ओलं अस्तर त्याच्या दोन्ही ध्रुवांना चिकटतं आणि सर्किट पूर्ण होतं. प्रवाह सुरू झाला की ऋण बाजूपाशी हायड्रॉक्साइड तयार होऊ लागतं, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जातीचा तीव्र अल्क. तिथला पीएच (आम्ल-अल्कतेचं माप; ७ म्हणजे मध्यम) १२-१३ पर्यंत चढतो आणि पेशी अक्षरशः विरघळू लागतात. गंभीर इजेला २ तास पुरतात. अधिक चिन्ह नसलेली, किंचित अरुंद बाजू ती ऋण बाजू. तिचं तोंड पुढे असेल तर श्वासनलिकेला धोका, मागे असेल तर मणक्याला; म्हणून एक्स-रेमध्ये डॉक्टर ती बाजू कुठे आहे तेही बघतात.

सेलवरचा आकडा वाचता आला पाहिजे. सीआर२०३२ मधले २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर२०२५ तेवढाच रुंद, फक्त २.५ मिलिमीटर जाड. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला हा २० मिलिमीटरचा आकार अगदी नेमका बसतो, आणि त्यात ३ व्होल्ट. म्हणून सर्वात वाईट केसेस याच सेलच्या असतात. एलआर४४ हा छोटा बटण सेल सुमारे साडेअकरा मिलिमीटरचा आणि दीड व्होल्टचा. तो गिळला तर बऱ्याचदा पुढे सरकतो, पण नाकात किंवा कानात गेला तर तोही काही तासांत जाळतो. नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं. अशा वेळी नाकात-कानात थेंब घालू नयेत. ओल वाढली की प्रवाहाला आणखी वाट मिळते.

घरात शोधायला लागलं की हे सेल नको तिथे सापडतात: वजनकाटा, थर्मामीटर, गाडीची चावी, चमकणाऱ्या मेणबत्त्या, गाणारं शुभेच्छापत्र. खेळण्यांचे नियम बरेच आधीपासून कडक आहेत. घात होतो तो जे खेळणं नाही त्यातून. बटण सेलच्या वस्तूंसाठी ऑस्ट्रेलियाचे सक्तीचे नियम जून २०२२ पासून लागू झाले, अमेरिकेत त्याच वर्षी ‘रीसचा कायदा’ (बटण सेल गिळून दगावलेल्या रीस या मुलीच्या नावाचा) आला. दोन्हींचा गाभा एकच: झाकण उघडायला हत्यार तरी लागावं, नाहीतर दोन वेगवेगळ्या हालचाली एकाच वेळी कराव्या लागाव्यात. नुसतं नखाने सरकणारं झाकण असलेली वस्तू लहान मुलाच्या घरात नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे. काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. असला तर ठीक, पण त्याच्यावर विसंबू नये. काढलेल्या सेलला ताबडतोब दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी आणि तो मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवून पुनर्वापराच्या संकलनात द्यावा.

गिळताना कुणी पाहिलेलं नसतं, हीच मोठी अडचण. लाळ गळणं, घट्ट अन्न नाकारणं, खोकला, उलटी, आवाज बसणं ही लक्षणं सर्दी-पडशात सहज खपून जातात, आणि काही मुलांमध्ये सुरुवातीला काहीच दिसत नाही. शंका आली तरी थेट एंडोस्कोपीची (कॅमेऱ्याची नळी घशातून आत घालून तपासण्याची) सोय असलेलं रुग्णालय गाठावं आणि दारातच ‘बटण सेल गिळलाय’ असं सांगावं. ‘काहीतरी गिळलंय’ म्हटलं की रांगेत बसवतात. सेलचं पाकीट किंवा तसाच दुसरा सेल सोबत न्यावा. एक्स-रेमध्ये नाणं आणि सेल यांची गफलत होते: सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं आणि बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये पायरी दिसते.

उलटी करवू नये. खायला-प्यायला देऊ नये, अपवाद मधाचा: मूल १ वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गेल्या १२ तासांत गिळला असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी १० मिलिलिटर, जास्तीत जास्त ६ वेळा. मध सेलवर थर धरतो आणि अल्क थोडा सौम्य करतो. त्याने सेल निघत नाही. मध शोधण्यात पाच मिनिटंही घालवू नयेत. १ वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझमच्या (मधातल्या जिवाणूंमुळे बाळांना होऊ शकणाऱ्या गंभीर विषबाधेच्या) धोक्यामुळे मध मुळीच नको. सेलसोबत चुंबकही गेला असेल तर ते आवर्जून सांगावं, कारण दोघांमध्ये आतड्याच्या भिंती चिमटल्या जातात.

सेल निघाला म्हणजे सुटलो, असं नाही. अल्क आत झिरपलेला असतो आणि झीज पुढे चालू राहते. अन्ननलिका आणि महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) यांच्यामधली भिंत काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी फुटू शकते. घरी आल्यावर थुंकीत थोडं रक्त किंवा काळी शी दिसली तर तो मोठ्या रक्तस्रावाआधीचा इशारा असू शकतो. सकाळची वाट बघू नये. अन्ननलिका आक्रसणं तर महिन्यांनंतरही लक्षात येतं.

कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा करण्याचा विचार पहिल्या दिवशी कुणाच्या डोक्यात नसतो, आणि पुरावा नेमका तेव्हाच जातो. काढलेला सेल फेकू नये असं रुग्णालयाला लेखी कळवावं. उपकरण आहे तसं पिशवीत ठेवावं: झाकण चिकटवू नये, स्क्रू आवळून बघू नये. झाकण आपणच उघडं टाकलं होतं हा कंपनीचा ठरलेला बचाव असतो, तेव्हा स्क्रूचे आटे, तुटलेली खुंटी यांचे जवळून फोटो काढावेत. खोका, माहितीपत्रक, पावती आणि ऑनलाइन घेतलं असेल तर विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट हवा, कारण ती पानं अपघातानंतर गायब होतात. मुळात रचनाच सदोष होती, बनवताना त्या नगात बिघाड झाला, की इशारा अपुरा होता, हे तिन्ही मुद्दे यांतूनच मांडले जातात. ‘तपासायला पाठवा’ म्हणून कंपनीने वस्तू मागितली तरी देऊ नये; मोडतोड करणारी तपासणी दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांसमोरच व्हावी. पैसे परत देताना पुढे कागद सरकवला तर त्यात ‘यापुढे कोणताही दावा नाही’ अशी ओळ आहे का ते बघूनच सही करावी. दाव्याची मुदत देशोदेशी वेगळी, आणि कायद्याने सज्ञान नसलेल्या मुलासाठी बऱ्याच ठिकाणी ती जास्त असते. वकिलाला लवकर गाठावं, पण अन्ननलिका आक्रसली आहे की नाही हे डॉक्टरांकडून नक्की होईपर्यंत रकमेवर तडजोड करू नये.