वाचा गेलेल्या माणसाची परवानगी: माझ्या डिझर्टेशनचा अनुभव

स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीच्या, म्हणजे बोलण्या-भाषेच्या त्रासांवरच्या उपचारांच्या, मास्टर्सला डिझर्टेशन असतं आणि टॉपिक निवडताना बहुतेक जण आधी बघतात की पार्टिसिपंट्स पटकन कुठे मिळतील, त्यामुळे शाळेतली मुलं, कॉलेजचे विद्यार्थी यांच्यावर भरपूर कामं होतात. मी अफेझिया घेतला, तोही मराठीतला. ज्युनिअर्स अजून फोन करून विचारतात की एथिक्सचं कसं केलंस, चित्रं कुठून आणलीस, पेशंट कसे मिळाले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

फिल्डबाहेरच्यांसाठी थोडक्यात. अफेझिया म्हणजे वाचाघात. मेंदूच्या बहुतेक वेळा डाव्या बाजूला स्ट्रोक, मार किंवा गाठ यामुळे इजा होते आणि भाषाच अडकते, म्हणजे शब्द सापडत नाहीत, वाक्य जुळत नाही, काहींना समोरच्याचं बोलणं नीट कळत नाही, वाचणं लिहिणंही जातं. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना सुरुवातीला हा त्रास असतो. घरचे सांगतात "लकवा मारला आणि वाचा गेली". पॅरिसचे डॉक्टर ब्रोका यांनी 1861 मध्ये ज्या पेशंटबद्दल लिहिलं तो जवळजवळ फक्त "तान" एवढंच बोलू शकायचा, तिथून या विषयाचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला. सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते, माणसाची अक्कल गेलेली नसते. काय म्हणायचंय ते आत असतं, ते बाहेर येत नाही.

माझा टॉपिक होता क्रियापदं. ब्रोकाज अफेझियात, म्हणजे ज्यात समजणं बऱ्यापैकी असतं पण बोलणं तुटक, अडखळत येतं त्या प्रकारात, बऱ्याच जणांना वस्तूंची नावं त्यातल्या त्यात येतात पण क्रिया सांगता येत नाही, आणि हे बऱ्याच भाषांमध्ये नोंदवलेलं आहे. मराठी क्रियापदावर तर किती ओझं आहे बघा. मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली, मुलाने केळं खाल्लं, म्हणजे खाणारा तोच पण भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलणार, आणि वर्तमानकाळात गेलं की परत कर्त्याच्या मागे, मुलगा खातो, मुलगी खाते. इंग्लिशमध्ये पेशंटकडून शेवटचा प्रत्यय गळतो. पण ज्या भाषांत प्रत्ययाशिवाय शब्दच पुरा होत नाही, जसं इटालियन किंवा हिब्रू, तिथे प्रत्यय गळण्यापेक्षा चुकीचा प्रत्यय लागतो असं तिथल्या अभ्यासांत दिसलंय. मराठीत काय होतं ते मला बघायचं होतं.

आता चित्रं. जगभर नेमिंगसाठी, म्हणजे चित्र बघून नाव सांगायच्या टेस्टसाठी, जी चित्रं वापरतात त्यात 1980 चा स्नॉडग्रास आणि व्हँडरवार्ट यांचा 260 रेखाचित्रांचा संच खूप प्रसिद्ध आहे, पण त्यात आर्टिचोक आहे, बर्फावरची घसरगाडी आहे, अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट आहे. बदलापूरच्या आजींना ते दाखवून त्यांना नाव आलं नाही तर तो अफेझिया की अजून काही? आणि मुळात ती सगळी वस्तूंची चित्रं, क्रियांची नाहीतच. म्हणून गाइड मॅमनी सांगितलं की आपलीच यादी कर. मग निवडणे, लाटणे, शिवणे, पिळणे, सोलणे, दळणे, चढणे, पोहणे, टाळ्या वाजवणे अशी यादी काढली, ओळखीच्या एका आर्टिस्ट मुलीकडून चित्रं काढून घेतली, अनुभवी थेरपिस्टना दाखवली, आणि मग काहीही त्रास नसलेल्या मोठ्या माणसांकडून तपासून घेतली की या चित्राला तुम्ही काय म्हणाल.

आणि इथे जो वेळ द्यावा लागतो तो कृपा करून वाचवू नका. लाटण्याच्या चित्राला बायका लगेच "लाटतेय" म्हणायच्या, बरेच पुरुष "पोळ्या करतेय" किंवा "चपात्या बनवतेय". भाजीच्या चित्राला चिरणे आणि कापणे दोन्ही. वस्तूंमध्ये तर विदर्भातल्या माणसाने पातेल्याला गंज म्हटलं, पेरूला जांब म्हटलं, झाडूला फडा म्हटलं, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. ही उत्तरं आधी गोळा केलेली नसतील तर पुढे पेशंट बरोबर बोलेल आणि आपण त्याला चूक देऊ.

त्याहून अवघड प्रश्न जोडक्रियापदांचा होता. फोन करणे, अंघोळ करणे, इस्त्री करणे. पेशंट चित्र बघून "फोन... फोन" म्हणाला आणि थांबला तर त्याला नाव आलं की क्रिया आली? यावर मॅमशी बऱ्याचदा चर्चा झाली आणि शेवटी ही क्रियापदं वेगळा गट करून वेगळीच मोजली, साध्या क्रियापदांत मिसळली नाहीत. माझं आजही मत आहे की इंग्लिश टेस्टचं नुसतं भाषांतर करून मराठी टेस्ट होत नाही, कारण हा प्रश्न भाषांतर करताना समोर येतच नाही.

मग एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती. खरं सांगते, या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात जास्त या टप्प्याने शिकवलं. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या गाइडलाइन्स आहेत, त्यानुसार माहितीपत्रक आणि संमतीपत्र त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं, वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो, वगैरे. कमिटीतल्या एका सरांनी विचारलं, ज्याला भाषेचाच आजार आहे तो संमती देतोय हे तुम्ही कसं ठरवणार? प्रश्न अगदी बरोबर होता. सोपी वाट अशी की नातेवाइकाची सही घ्या आणि पुढे चला, आणि सरसकट तसंच केलेलं मी पाहिलंय. पण इंटर्नशिपमध्ये रोज दिसायचं की मी काकांना प्रश्न विचारतेय आणि उत्तर काकू देतायत, काका नुसते आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघतायत. संशोधनातही तेच करायचं हे मला पटत नव्हतं.

म्हणून संमतीपत्र नव्याने बनवलं. एका पानावर एकच गोष्ट, मोठी अक्षरं, पाच-सहा शब्दांचं वाक्य, मुख्य शब्द ठळक, बाजूला चित्र. "मी चित्रं दाखवीन." पुढचं पान, "तुमचा आवाज रेकॉर्ड होईल." पुढचं, "व्हिडिओ काढू का?" पुढचं, "तुम्ही कधीही थांबू शकता." "नाही म्हटलं तरी उपचार चालू राहतील." हे पान मी कायम थांबून थांबून दाखवायचे, कारण लोकांना खरंच भीती असते की मॅडमना नाही म्हटलं तर थेरपी बंद होईल. सोबत दोन कार्डं, एकावर हिरवी बरोबरची खूण आणि हो, दुसऱ्यावर लाल फुली आणि नाही.

पण नुसत्या कार्डावर भागत नाही. अफेझियात "हो"च्या जागी "नाही" तोंडातून निघणं, मान हलवायची ती उलट हलणं, किंवा सगळ्यालाच हो म्हणणं, हे सर्रास होतं. म्हणून आधी ज्याची उत्तरं पक्की माहीत आहेत असे प्रश्न उलटसुलट विचारायचे, तुमचं नाव अमुक आहे का, आपण आत्ता रेल्वेत बसलोय का, दिवा चालू आहे का. तिथे हो-नाही भरवशाचं निघालं की मगच संमतीकडे. आणि संमती झाल्यावर परत तपासायचं, तुम्हाला मध्येच थांबता येईल ना? मी थांबू देणार नाही, बरोबर? या दुसऱ्या प्रश्नाला ठामपणे लाल कार्ड पुढे आलं की समजायचं, पोचलंय. ज्यांचं समजणंच जास्त बिघडलेलं होतं त्यांना मी अभ्यासात घेतलं नाही, प्रोटोकॉलमध्येच तसं लिहिलं होतं.

सहीचाही प्रश्न येतो. डाव्या मेंदूचा स्ट्रोक म्हणजे बहुतेकांचा उजवा हात गेलेला. डाव्या हाताने वाकडीतिकडी सही चालते, अंगठा चालतो, साक्षीदार घरचा नको. एका काकांनी डाव्या हाताने सही करायला खूप वेळ घेतला, मुलगा म्हणत होता "बाबा अंगठा द्या ना, मॅडमना उशीर होतोय", मी म्हटलं दादा मला अजिबात उशीर होत नाहीये. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

आणि एक आजी नाही म्हणाल्या. लोकलने लांब गेले होते, सून चहा ठेवत होती, मुलगा म्हणाला "आई, हो म्हण गं, शिक्षणासाठी आलीय बिचारी", आजींनी सगळी पानं शांतपणे बघितली आणि लाल कार्ड उचललं. परत विचारलं, परत लाल. मी फाइल बंद केली, चहा घेतला आणि निघाले. सॅम्पल आधीच कमी होतं, त्यामुळे वाईट वाटलं हे खरंय, पण परतीच्या गाडीत मला पक्कं कळलं की ज्या फॉर्मवर कोणी नाही म्हणूच शकत नाही तो संमतीचा फॉर्मच नाही. काही जणांनी व्हिडिओला नाही आणि आवाजाला हो म्हटलं. तेवढं वेगवेगळं सांगता येणं हीच त्या फॉर्मची कमाई.

पार्टिसिपंट्स शोधणं लांबलचक काम आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. न्यूरो ओपीडी, फिजिओथेरपिस्ट (त्यांच्याकडे पेशंट जास्त टिकतात, नक्की ओळख ठेवा), खाजगी क्लिनिक्स, घरी भेटी. निकष असे की मातृभाषा मराठी, आधी उजवा हात वापरणारे, एकदाच स्ट्रोक, निदान सहा महिने झालेले. मुंबईत फक्त मराठीच बोलणारा माणूस शोधत बसलात तर डिझर्टेशन होणार नाही, प्रत्येकाला हिंदी येते, काहींचं अख्खं आयुष्य गुजराती मार्केटमध्ये गेलेलं असतं. त्यामुळे कुठली भाषा कधी, कुठे, किती वापरली याची सविस्तर प्रश्नावली घ्यायचीच. अफेझियाचा प्रकार आणि तीव्रता ठरवायला वेस्टर्न अफेझिया बॅटरी या प्रसिद्ध टेस्टच्या धर्तीवर तपासणी केली, त्यात 100 पैकी अफेझिया कोशंट, म्हणजे एकूण गुण, निघतो आणि 93.8 च्या खाली आला तर अफेझिया धरतात. बोलणं, ऐकून समजणं, ऐकलेलं परत म्हणणं आणि नावं सांगणं अशा चार भागांतून तो आकडा येतो.

प्रत्यक्ष टेस्टिंगमध्ये जे सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. थेरपिस्ट म्हणून हात शिवशिवतात, काकू "शि... शि" करतायत, आपण पहिला आवाज पुरवला की "शिवते" बाहेर येणार हे दिसतंय, पण ठरलेली वेळ संपेपर्यंत मदत द्यायची नाही आणि मदतीनंतर आलेलं उत्तर वेगळं मोजायचं. ते सेकंद फार लांब असतात. कोणी रडलं तर टेस्ट थांबवायची, पाणी, गप्पा, आणि परत पुढे जायचं का ते कार्डाने विचारायचं, घरच्यांना नाही. आणि ज्यांना "भात" म्हणता येत नव्हतं तेच आजोबा ब्रेकमध्ये सुखकर्ता दुःखहर्ता मात्र सलग म्हणून दाखवायचे. आरती, आकडे, वार, हे पाठ असलेलं बोलणं बऱ्याचदा शाबूत असतं, घरच्यांना वाटतं मग बाकीचं मुद्दाम बोलत नाहीत. मुद्दाम नाही हो. हे प्रत्येक घरात समजावून सांगितलं, अभ्यासाचा भाग नव्हता तरी.

ट्रान्सक्रिप्शनला, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं लिहून काढायला, वेळ लागतोच. एका मिनिटाच्या अडखळत्या बोलण्याला कितीतरी वेळ, प्रत्येक थांबा, प्रत्येक अर्धा शब्द लिहायचा. प्राट हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, वापरा. काही रेकॉर्डिंग्ज दुसऱ्या थेरपिस्टकडून स्वतंत्रपणे स्कोअर करून घ्या, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिला प्रश्न तोच आला. सॅम्पल छोटं असल्यामुळे स्टॅटिस्टिक्स नॉन पॅरामेट्रिक, म्हणजे छोट्या सॅम्पललाही चालणाऱ्या पद्धतीचं, विषय संपला.

निकाल मोजक्या लोकांवरचे आहेत म्हणून मोठे दावे करत नाही. माझ्या गटात क्रिया सांगणं वस्तूंपेक्षा जास्त अवघड गेलं, आणि चुकांमध्ये प्रत्यय नसलेलं क्रियापद क्वचित, चुकीच्या लिंगाचा प्रत्यय जास्त. थेरपीसाठी याचा अर्थ एवढा निघतो की मराठी पेशंटला नुसते शब्द पाठ करून घेण्यापेक्षा छोटी वाक्यं, त्यातही कर्म बदलत राहून, घेऊन बघायला हवीत. आमच्या क्लिनिकमध्ये आता तसं करून बघतोय.

फॉर्मवर एक पान शेवटचं होतं, "अभ्यास संपल्यावर तुमचा आवाज शिकवण्यासाठी ठेवू का?" ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच रेकॉर्डिंग्ज डिपार्टमेंटमध्ये आहेत, बाकीची व्हायवा झाल्यावर काढून टाकली आणि तसं त्यांना फोनवर कळवलं, त्यांनाच, फोन स्पीकरवर ठेवायला सांगून. चित्रं आणि कोरा संमती फॉर्म दोन्ही कोणाला हवं असेल तर द्यायला तयार आहे. विदर्भात किंवा मराठवाड्यात कोणी काम करणार असेल तर आधी तिथल्या लोकांकडून चित्रांची नावं तपासून घ्या, माझी यादी मुंबई-ठाण्याकडची आहे.