देठ हिरवा होता का?

आमच्या घरी एक रविवार आड नाशिक लागतं, म्हणजे तिथल्या लिहिणाऱ्यांच्या गटाला व्हिडिओ कॉल. हिवाळ्यात दुपारी साडेबाराला, उन्हाळ्यात दीडला. तिकडे पाच वाजलेले असतात. गंगापूर रोडवर बाईंच्या घरी चहा झालेला असतो आणि कोणीतरी फोन तांब्याला टेकवून मला जाजमावर बसवतं. तांब्या हलला की पुढची दोन-तीन मिनिटं मी पंखा बघत बसते. कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तोवर कोणाची तरी कथा सुरू झालेली असते.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहते, नोकरी करते, सायकलवरून भाजी आणते. पण इथे रविवारी काय करतेस, असं विचारलंत तर खरं उत्तर हे आहे की लिहिणाऱ्या दहा-अकरा नाशिककरांच्या शिव्या खाते.

गटाला नाव नाही. तीनदा ठेवायचा प्रयत्न झाला, तिन्ही वेळा भांडणं झाली. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई हा गट चालवतात. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. जन्मभर त्यांनी नोटांची छपाई पाहिली आणि साठी उलटल्यावर पहिली कथा लिहिली. निफाडकडची एक द्राक्षबागायतदार मुलगी आहे, तिला सगळे बागवाली म्हणतात. एक रिक्षावाले दादा कविता करतात. बाकीचे येऊन-जाऊन असतात. मी सुट्टीला आले असताना मावशीच्या ओळखीने तिथे शिरले आणि परत आले तरी निघाले नाही.

बाईंचा नियम एकच आहे. कथा वाचून झाली की लेखकाने तोंडात लवंग धरायची आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ती काढायची नाही. खुलासे नकोत, 'मला असं म्हणायचं होतं' नको. वाचकाच्या घरी जाऊन तुम्ही समजावून सांगणार आहात का, असं त्या विचारतात. मी इथे डब्यातून लवंग घेऊन बसते. कॅमेऱ्यात जीभ दाखवावी लागते, काका तपासतात.

इथल्या वाचनालयातही लिहिणाऱ्यांचा एक गट होता, फिलिप्सच्या जुन्या पांढऱ्या कारखान्याच्या इमारतीत. सहा महिने गेले तिथे. घड्याळ लावून दहा मिनिटं लिहायचं, मग वाचायचं, मग सगळे माना हलवणार आणि फार सुंदर म्हणणार. डच माणूस तोंडावर बोलतो म्हणतात. ऑफिसात बोलतो, हे मी अनुभवलंय. पण कथेपुढे तोही पाहुण्यासारखा वागतो. मला तर आमची लवंगच बरी वाटते.

आता गटाने केलं काय, ते सांगते. दोघींच्या कथा दिवाळी अंकात आल्या, एकाला जिल्ह्यातल्या एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. बाकी सगळं साभार परत. साभार परत आलं की त्या माणसाने कोंडाजीचा चिवडा आणायचा, ही पद्धत आहे, त्यामुळे चिवड्याला तोटा नाही. अडचण एवढीच की हल्ली पुष्कळ ठिकाणांहून साभार परतही येत नाही. काहीच येत नाही. चार महिने उत्तर नाही आलं तर चिवडा आणायचा की नाही, यावर आमच्यात दोन तट आहेत.

2021 च्या डिसेंबरात नाशिकला 94 वं साहित्य संमेलन भरलं, आडगावला. गटातल्या तिघांनी कविकट्ट्यावर कविता वाचल्या. रिक्षावाले दादा बायकोला आणि दोन्ही मुलांना रिक्षात घालून गेले. बागवाली मात्र फिरकली नाही. संमेलनाच्या तोंडावर अवकाळी पाऊस कोसळला होता आणि ती बागेत घड उचलून बघत होती, मणी तडकले का, कूज शिरली का. संमेलनाचे फोटो गटावर पडत होते, त्यात मध्येच तिचा एक फोटो आला. फुटलेला घड. खाली काही लिहिलेलं नव्हतं. काका म्हणाले, संमेलनातलं सगळ्यात चांगलं वाचन हेच.

माझी गोष्ट वेगळी होती. पहिली दोन वर्षं मी फक्त नाशिकवर लिहीत होते. गंगेवरची (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) संध्याकाळ, रामकुंडावरच्या पायऱ्या, आजीचा वाडा, पावसाळ्यात नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं याची रोजची बातमी. मला वाटायचं, परदेशात बसून एवढं बारीक आठवतंय म्हणजे मी मोठीच लेखिका. तिसरी कथा वाचून झाली. तोंडात लवंग. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "गंगा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे गं. ती बघायला आम्हाला तुझी गरज नाही. तू राहतेस ते गाव कुठंय?"

काकांनी भर घातली. म्हणाले, "तीन कथांत मिळून हॉलंडची एक सायकल आलीय. तीही पंक्चर."

त्या रविवारी मी जेवले नाही. आठवडाभर रागात होते. कोणाचा राग, ते नीट ठरत नव्हतं.

मग 2024 च्या मार्चमध्ये कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात द्राक्षं दिसली. पारदर्शक झाकणाचं अर्ध्या किलोचं पनेट, खाली बारीक अक्षरात 'भारत'. दरवर्षी फेब्रुवारीपासून दिसतात आणि दरवर्षी मी ती घेते, फोटो काढून आईला पाठवते. आई म्हणते, इथे यापेक्षा स्वस्त मिळतात. बस, एवढंच. या वेळी त्यावर लिहायला बसले. परक्या देशात एका बाईला आपल्या गावची द्राक्षं सापडतात, ती पहिला मणी तोंडात टाकते, आणि पुढे जे व्हायचं ते होतं. डोळे भरून येणं वगैरे.

वाचून झालं. लवंग. बागवालीने एकच प्रश्न विचारला.

"ताई, देठ हिरवा होता का?"

मी मान हलवली, म्हणजे काय ते मलाच माहीत नव्हतं. तिने सांगितलं. निर्यातीच्या घडात खरेदीदार आधी मणी बघत नाही, देठ बघतो. देठ हिरवा म्हणजे माल ताजा. तपकिरी पडून काडीसारखा वाळला की माल म्हातारा झाला, मग मणी कितीही टपोरा असू दे, भाव पडला. आणि त्या वर्षी देठ वाळणारच होते. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून न्हावा शेवाहून निघालेले कंटेनर सुएझ सोडून सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला पोहोचत होते. दीड-दोन आठवडे जास्त. भाडं वाढलं ते वेगळंच. "तुमच्या कथेतल्या बाईला रडू येतंय," ती म्हणाली, "पण तिच्या हातात काय आहे ते तिनं बघितलंच नाही."

रविवारी इथली पुष्कळ दुकानं उशिरा उघडतात आणि लवकर मिटतात. कोट चढवला आणि पळत गेले. सहा पनेट उघडून बघितली, तिथल्या पोराने दोनदा माझ्याकडे पाहिलं. दोनांचे देठ हिरवट होते. चारांचे सुतळीच्या रंगाचे, टोकाशी बोट लावलं तर मोडणारे. हीच द्राक्षं मी आठ वर्षं खात होते.

कथा पुन्हा लिहिली. रडणं काढलं. कथेतली बाई आता दुकानात उभी राहून झाकणं उघडते, एवढंच होतं त्यात. माझ्या पिशवीतला पाऊस आला, माझी सायकल आली, हवा भरलेली.

बागवालीने त्याच उन्हाळ्यात तिची कथा वाचली. 2010 साली युरोपात नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं, माल अडकला, किती घरांचं वर्ष बुडालं ते निफाड-दिंडोरीत अजून सांगतात. बागायतदार त्या औषधाला लिहोसिन म्हणतात. वेलीची वाढ आवरायला ते मारत, आणि तिकडच्या तपासणीच्या यादीत ते बसलं. तिच्या कथेत एक बाप रात्री शेडमध्ये जाऊन औषधाच्या रिकाम्या बाटल्या मोजतो. फक्त मोजतो. चौदा होतात, तो परत मोजतो. मी ऐकत होते आणि तोंडात लवंग नसूनही बोलता येत नव्हतं. दिवाळी अंकात आलेल्या दोन कथांपैकी एक हीच.

गटाचं हस्तलिखित दरवर्षी दिवाळीला निघतं. एकच प्रत. ज्याने त्याने आपल्या अक्षरात लिहायचं, पण समास काका आखून देतात आणि मिलिमीटरभर इकडचं तिकडे चालत नाही. नोटांच्या प्रेसमधला माणूस, त्याला कोण बोलणार! 2024 च्या अंकात बाईंनी आमच्या दोन कथा समोरासमोर लावल्या. डावीकडे निफाड, उजवीकडे आइंडहोवन. माझी कथा माझ्या अक्षरात हवी म्हणून मी कागद इथे आखला, लिहिला, पोस्टाने पाठवला. समास चुकला म्हणून काकांनी मला पुन्हा लिहायला लावलं.

प्रकाशन 27 ऑक्टोबरला, वसुबारसेच्या आदल्या दिवशी. मी साडी नेसून, पणती लावून बरोबर दीडला फोन लावला. समोर रिकामं जाजम, चिवड्याचे कागद, आणि दादा चपला शोधतायत. त्या रात्री इथली घड्याळं एक तास मागे गेली होती. मी फोनवरचं घड्याळ बघत होते, ते आपणहून मागे गेलं होतं; मी मात्र उन्हाळ्यातला दीडच धरून बसले होते. तुमच्या वाट्याचा चिवडा मीच खाल्ला, असं दादांनी कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलं.

हस्तलिखित घरोघर फिरतं. माझ्या हाती ते जानेवारीत आलं, कोणाच्या तरी मेव्हण्याच्या सुटकेसमधून, मेतकुटाच्या पिशवीला खेटून. आमच्या दोन कथांच्या मधल्या घडीवर हळदीचा डाग आहे. तो प्रवासातला की आधीचा, यावर चौकशी चालू आहे.

तेवढ्यात मी गटाला इथला एक प्रकार शिकवून ठेवला होता, आणि तोच माझ्या अंगाशी आला. इथे 5 डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासच्या भेटी देतात आणि भेटीला यमक जुळवून चिडवणारी कविता बांधतात. खाली नाव सिंटरक्लासचं, म्हणजे कोणी लिहिली ते उघड नाही. एरवी एक ओळ न लिहिणारा माझा मॅनेजरसुद्धा त्या दिवशी कवी होतो. हे ऐकून दादा म्हणाले, म्हणजे हा तर यांचा शिमगा! ठरलं. रंगपंचमीच्या आधीच्या रविवारी चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव येईल त्याला चार ओळींत झोडायचं. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडायची तयारी चालली होती आणि बाईंच्या घरी ही.

काकांवर कोणीतरी लिहिलं होतं:

जन्मभर छापल्या नोटा,
पण शब्द खर्चेल तो काका कसला!
पानभर यायचा पाऊस
तो चार थेंबांतच बसला.

काका हसले नाहीत. तिसऱ्या ओळीत एक शब्द जास्त आहे म्हणाले.

मग माझी चिठ्ठी उघडली. बाईंनी खणखणीत आवाजात वाचली:

राहते म्हणे हॉलंडात ही,
कथा सगळी पंचवटीत.
हॉलंडातली एकच सायकल,
तीही उभी अडगळीत.

सायकल अडगळीत नाही. खाली कुलूप लावून उभी आहे, हवा भरलेली, आणि नव्या कथेत तर ती सगळ्यांनी पाहिली आहे. मला हे तिथल्या तिथे सांगायचं होतं. पण चिडवलेल्याने गप्प बसायचं असं बाईंनी त्याच दिवशी जाहीर केलं होतं, आणि तोंडात लवंग होती.