पट्ट्यांच्या मधला सूर

वेंगुर्ल्यातल्या आमच्या घरात पावसाळ्यात नेट चालते ते फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात, आणि त्यामुळे गेली काही वर्षे नवे संगीत शोधण्याची माझी जागा तीच झाली आहे. सायकेडेलिक रॉक, म्हणजे गुंगवून टाकणारे, स्वप्नवत रॉक संगीत. त्याच्या बाबतीत मी बराच काळ पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडपाशी अडून होतो. १९७१ सालच्या त्यांच्या ‘मेडल’ अल्बमची एक अख्खी बाजू व्यापणारे ‘एकोज’ ऐकले की हा सगळा प्रकार आपल्याला कळला, अशी माझी समजूत होती.

ती समजूत मोडली मेलबर्नच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या बँडने. या मंडळींनी २०१७ या एकाच वर्षात पाच अल्बम काढले. त्यांतला पहिला, ‘फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना’, मी निव्वळ विचित्र नावापायी लावला. ते नाव मुळात एका पिवळ्या गिटारचे आहे. साध्या गिटारवर सप्तकाचे बारा भाग असतात. हिच्या दांडीवर जादा पडदे बसवून सप्तक चोवीस भागांत विभागलेले आहे. शिवाय मधूनमधून झुर्ना हे तुर्की वाद्य वाजते, जे आपल्या सनईच्याच कुळातले आहे. पहिल्या खेपेला मला वाटले की गिटार उतरलेली आहे आणि कोणाच्या लक्षात आलेले नाही.

चतुर्थीला मामा आले होते. त्यांनी उमेदीची वीसेक वर्षे दशावतारात पायपेटी वाजवली असल्यामुळे, रॉकची धडधड ऐकून ते उठून जातील असे मी धरून चाललो होतो. त्यांनी हातातला सुपारीचा अडकित्ता तसाच अर्धवट उघडा धरला आणि विचारले, “झिला, ह्यो सूर खंयसून इलो? दोन पट्ट्यांच्या मधलो मां ह्यो?” मी गिटारच्या पडद्यांची हकीकत सांगितल्यावर ते हसले. पेटीवाल्याचे हे जुनेच दुखणे आहे. पट्टी दाबली की ठरलेलाच सूर निघतो, मींड काढता येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, दोन पट्ट्यांमधली श्रुती गायकाच्या गळ्यात असते पण पेटीत नसते. याच कारणांनी १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली. मला जे बेसूर वाटले होते, ते मामांना ओळखीचे आणि हाताबाहेरचे असे दोन्ही वाटले. मग मीही तो अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला आणि या वेळी गिटारऐवजी भजनी बुवांचा गळा मनात धरून ऐकला, तेव्हा त्यातल्या वळणांची संगती लागू लागली.

त्यानंतर माझे ऐकणेच बदलले. टेक्सासच्या ख्रुआंगबिन या तिघांच्या बँडचे नाव थाई भाषेत विमानाला म्हणतात ते आहे आणि त्यांच्या संगीतावर जुन्या थाई गाण्यांची छाप आहे. त्यांच्या सुरुवातीच्या अल्बमांत गायन फारसे नाही, त्यामुळे संध्याकाळी सागरेश्वरच्या किनाऱ्यावर बसून ऐकायला ते फार बरे. पर्थचा केव्हिन पार्कर टेम इम्पाला या नावाखाली बहुतेक सर्व वाद्ये स्वतःच वाजवतो. त्याचा २०१२चा ‘लोनरिझम’ मला आवडतो. २०१५चा ‘करंट्स’ लोकांनी डोक्यावर घेतला, पण मला तो अंमळ जास्तच गुळगुळीत वाटतो. किंग गिझर्डने २०१७ मध्येच ‘पॉलिगोंडवानालँड’ हा अल्बम फुकट देऊन टाकला, आणि ज्याला हवे त्याने त्याच्या तबकड्या काढाव्यात अशी मुभाही दिली. आमच्या कोपऱ्यातल्या नेटवर तो उतरवायला रात्र गेली, ही गोष्ट वेगळी.

विसर्जनाच्या आदल्या रात्री मी मामांना बीटल्सचे १९६६ सालचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ ऐकवले. त्यात तंबोऱ्याचा सूर आहे आणि जवळजवळ सगळे गाणे एकाच स्वरावर ठाण मांडून बसते. तो स्वर म्हणजे पेटीवरची पांढरी एक. मामांनी माळ्यावरची पायपेटी खाली काढायला लावली, दमट हवेने जड झालेला भाता चार वेळा मारून पाहिला आणि गाणे सुरू होताच ती एकच पट्टी दाबून ठेवली. पेटी जरा उतरलेली होती. दोन सुरांच्या मध्ये एक बारीक थरथर उमटत होती, आणि गाणे संपल्यावरही मामा पाय थांबवायला तयार नव्हते.