दगडखाणीतल्या ‘झिओलाइट’ची ओळखपरेड

झिओलाइट म्हणजे जाळीदार रचनेची, पोकळ्यांत पाणी आणि सुटे आयन धरणारी सिलिकेट खनिजं. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या दगडखाणींत काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून निघणारे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक प्रयोगशाळेत येतात ते बहुधा ‘झिओलाइट’ अशी चिठ्ठी लावूनच. आणणाऱ्याचा प्रश्नही ठरलेला: पाण्यातला अमोनिया काढायला किंवा खतात मिसळायला हे चालेल का? सगळे लगेच विनिमय क्षमतेच्या (खनिज आपले आयन देऊन पाण्यातले किती घेतं त्याच्या) चाचणीकडे धावतात. मी आधी खनिज कोणतं ते पक्कं करतो. एकाच पोकळीत स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांच्या मांडीला मांडी लावून अपोफिलाइट, कॅल्साइट आणि क्वार्ट्झ बसलेले असतात, आणि हे शेवटचे तिन्ही झिओलाइट नव्हेत. त्यांची भेसळ असलेल्या भुकटीवर काढलेला आकडा कोणत्याच खनिजाचा नसतो.

पहिली निवड भिंग आणि सुईने. पोपटी चौकोनी स्फटिक, एकाच दिशेने मोत्यासारख्या चमकेचे पापुद्रे सुटतात, तर अपोफिलाइट. गव्हाच्या पेंढीसारखा मधे आवळलेला झुबका दिसला की स्टिलबाइट. सुयांचे पंखे स्कोलेसाइट, मेसोलाइट किंवा नॅट्रोलाइट. यातलं नेमकं कोणतं ते नुसत्या डोळ्यांनी सांगू नये. लॉमोंटाइट असण्याची शक्यता असेल तर नमुना ओल्या कापसासह डबीत बंद ठेवावा. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडतं आणि स्फटिकाचा चुरा होतो.

कॅल्साइट घालवायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायची सवय मोडावी. एका वेगळ्या कपच्यावर थेंब टाकून फेस बघायला ते ठीक, पण त्यात नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट विरघळून जेली होते. सोडियम अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसेटिक आम्लाचं पीएच ५ चं द्रावण घ्यावं आणि बुडबुडे थांबेपर्यंत बदलत राहावं. या धुण्यात झिओलाइट स्वतःचं कॅल्शियम सोडून सोडियम घेतो, म्हणून रासायनिक विश्लेषणासाठी न धुतलेला भाग आधीच बाजूला काढलेला बरा.

दळताना मास्क हवाच, आणि अ‍ॅगेटच्या खलात थोडं इथेनॉल घालून ओलंच दळावं. मॉर्डेनाइट तंतुमय असतं. एरिओनाइट हे झिओलाइट तर मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) घडवणारं म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात आहे. तुर्कस्तानात कापाडोक्यातल्या करैन, तुझक्योय या गावांनी त्याची किंमत मोजली. दळण ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलं की थांबावं. गिरणीत तासन् तास फिरवलं तर जाळी मोडते, एक्सआरडीची (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याच्या चाचणीची) पिकं, म्हणजे आलेखातले सुळके, बसकी होतात आणि ‘नमुन्यात काचेचं प्रमाण जास्त’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

एक्सआरडी तांब्याच्या क्ष-किरण नळीवर ५ अंशांच्या कोनापासून सुरू करावं. अनेक जण १० पासून करतात आणि नेमकं महत्त्वाचं हुकवतात. मॉर्डेनाइटचं पीक ६.५ अंशांजवळ, एरिओनाइटचं ७.७ जवळ, चॅबाझाइटचं ९.५ जवळ. स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट ९.७ ते ९.९ मध्ये एकमेकांच्या अंगावर चढतात. त्यांचा निवाडा पुढे होतो. स्टिलबाइटचं ठळक पीक २१.९ जवळ, ह्यूलँडाइटचं २२.४ जवळ. हा अर्ध्या अंशाचा फरक धारकात भुकटी वरखाली बसल्यानेही बिघडू शकतो, म्हणून थोडी सिलिकॉनची भुकटी मिसळून तिच्या २८.४४ अंशांच्या पिकावर माप लावून घ्यावं. दुसरी अडचण पापुद्र्यांची. ह्यूलँडाइटचे पापुद्रे काचेने दाबले की सगळे आडवे झोपतात, ९.९ चं पीक आभाळाला भिडतं आणि बाकीची दिसेनाशी होतात. भुकटी धारकात बाजूने किंवा मागून भरावी. पिकांच्या उंचीवरून टक्केवारी सांगायचा मोह टाळावा.

ह्यूलँडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट यांची जाळी एकच, त्यामुळे साधा आलेख त्यांना वेगळं करत नाही. नमुना रात्रभर ४५० अंश सेल्सिअसवर ठेवून पुन्हा आलेख काढावा. ह्यूलँडाइटची जाळी कोसळते, क्लिनोप्टिलोलाइट टिकतं. नाव मात्र सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियम गुणोत्तरावर ठरतं: ४ किंवा जास्त असेल तर क्लिनोप्टिलोलाइट. ते गुणोत्तर ईडीएसवर (इलेक्ट्रॉन किरण टाकून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) काढताना सोन्याऐवजी कार्बनचा लेप द्यावा आणि किरण एका बिंदूवर न रोखता पसरून ठेवावा. नाहीतर सोडियम डोळ्यांदेखत पळतं. अ‍ॅल्युमिनियमची संख्या आणि सोडियम, पोटॅशियम, दुप्पट कॅल्शियम यांची बेरीज १० टक्क्यांच्या आत जुळत नसेल तर ते विश्लेषण सरळ फेकून द्यावं.

वजन घेण्याआधी भुकटी संपृक्त मिठाच्या द्रावणावर डेसिकेटरमध्ये स्थिरावू द्यावी. तिथे सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्के राहते. पावसाळ्यात आणि मे महिन्यात तोललेला १ ग्रॅम झिओलाइट सारखा नसतो. तापवून वजन घटवण्याच्या चाचणीतही हे लागतं: स्कोलेसाइटमध्ये सूत्राप्रमाणे १३.८ टक्के पाणी, नॅट्रोलाइटमध्ये ९.५, स्टिलबाइटमध्ये १८ च्या आसपास.

विनिमय क्षमतेसाठी १ ग्रॅम भुकटी, १ मोलर अमोनियम अ‍ॅसिटेट, पीएच ७, सेंट्रिफ्यूजच्या नळीत हलवत ठेवायचं, द्रावण चार-पाच वेळा बदलायचं आणि निघालेलं सगळं साठवायचं. मग इथेनॉलने धुऊन मोकळं अमोनियम घालवायचं. हे धुणं अपुरं राहिलं की क्षमता फुगलेली दिसते. शेवटी धरलेलं अमोनियम पोटॅशियम क्लोराइडने बाहेर काढायचं. इथे साधं मीठ वापरू नये, कारण क्लिनोप्टिलोलाइटला सोडियमपेक्षा अमोनियम प्रिय आणि अमोनियमपेक्षा पोटॅशियम प्रिय. आता ताळा: आधी साठवलेल्या द्रावणात बाहेर पडलेल्या सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमची बेरीज धरलेल्या अमोनियमइतकी यायला हवी. कॅल्शियम जास्त भरलं तर कॅल्साइट विरघळतंय.

सगळ्यात मोठी फसगत कागदावरच्या क्षमतेने होते. सूत्रावरून स्कोलेसाइटची क्षमता ग्रॅमला ५.१ मिलीइक्विव्हॅलंट (विद्युतभाराच्या हिशेबाने मोजलेले आयन), क्लिनोप्टिलोलाइटची जेमतेम २.२. प्रत्यक्षात स्कोलेसाइटच्या जाळीतल्या वाटा इतक्या अरुंद की खोलीच्या तापमानाला त्यातलं फारच थोडं हाती लागतं. उलट, नायट्रोजनवर मोजलेलं पृष्ठफळ ह्यूलँडाइटला ग्रॅममागे अगदी कमी येतं म्हणून नमुना बाद करू नये. कॅल्शियमने अडवलेल्या वाटांत अतिथंड नायट्रोजन शिरतच नाही, पाण्यातले आयन शिरतात.

उपयोगाचं बोलायचं तर आपल्या दख्खनी पोकळ्यांतला माल संग्राहकांसाठी मोलाचा, पण टनावारी पुरवठ्याचा नाही. इंग्लंडमध्ये सेलाफिल्डला १९८५ पासून किरणोत्सारी सीझियम, स्ट्रॉन्शियम काढायला वापरतात ते क्लिनोप्टिलोलाइट कॅलिफोर्नियातल्या ज्वालामुखी राखेच्या थरांतून येतं. तिथे थरच्या थर झिओलाइट झालेले आहेत. आपल्याकडच्या क्रशरच्या चुऱ्यात बेसॉल्टच (काळा पाषाणच) जास्त. विकत घेतलेल्या मालाची चाचणीही वापराच्याच पाण्यात करावी: १०० मिलिलिटर पाणी, १ ग्रॅम माल, २४ तास, आधीचा आणि नंतरचा अमोनिया. कोकणातल्या कोळंबीच्या खाऱ्या तळ्यात हेच मोजलं की पिशवीवरच्या दाव्याचा फार थोडा भाग उरतो, कारण तिथलं सोडियम आणि पोटॅशियम जागा आधीच अडवून बसतं.