राबताना ठणठणीत, बसला की आडवा

माझा कॉम्प्युटर काम करताना कधीच बंद पडत नव्हता. रात्रभर बिल्डरच्या फ्लॅटचे रेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून चित्रं, काढायचा. ग्राफिक्स कार्ड जुनं, त्यामुळे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा सगळा भार प्रोसेसरवर, त्याचे सहाही कोअर (आतले सहा मेंदू म्हणा) शंभर टक्के. सकाळी सगळ्या फ्रेम्स फोल्डरमध्ये हजर. मग मी चहा घेऊन बसायची, माउस हलवायची, मेल उघडायला जायची आणि स्क्रीन काळी. निळा पडदा नाही, एरर नाही, थेट रीस्टार्ट.

"उन्हाळा आहे बाप्पा," आई म्हणाली. "माणसं चक्कर येऊन पडून राहिली, ते तर मशीन." नागपूरचा मे महिना असल्यावर या निदानाशी वाद कोण घालणार? भावाने यूपीएसवर खापर फोडलं. मीही आधी गरमीलाच दोष दिला आणि केबिनेटची बाजूची पत्री काढून खोलीतला कूलर त्याच्या दिशेने वळवला. (हे करू नका. कूलरची हवा ओली असते.) नंतर तापमान नीट पाहिलं तर रेंडर चालू असताना ७८ अंश आणि बंद पडायच्या वेळी पन्नासच्या आत. या प्रोसेसरला ९५ पर्यंत मुभा आहे. म्हणजे तापल्यावर ठीक आणि निवल्यावर आडवा.

आता कबुली. उद्योग माझाच होता. प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स, २०२० च्या नोव्हेंबरात बाजारात आलेला, मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, बूस्ट ४.६. एका रविवारी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये, शिरून मी पीबीओ (प्रोसेसरला मूळ मर्यादेपलीकडे पळवायची सोय) चालू केलं, बूस्टला वर २०० मेगाहर्ट्झ दिले आणि कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी करणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना सरसकट मायनस ३०. विजेची मर्यादा तेवढी मूळचीच, ७६ वॅट, ठेवली, उन्हाळ्याला भिऊन. आणि त्याच बैठकीत रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिच्या जास्त वेगाची तयार सेटिंग, लावून ती ३६०० वर नेली. भाजीत सासूनेही मीठ घातलं आणि सुनेनेही, मग खारट कोणामुळे झाली ते शोधत बसा.

वेग मोजणाऱ्या सिनेबेंच आर२३ चा आकडा अकरा हजारांवरून ११,६०० वर गेला. प्रोसेसरला गणितं घालून दमवणारं प्राइम९५ आठ तास चालवलं, एकही चूक नाही. मी खुशीत.

बंद पडणं सुरू झाल्यावर आधी एक्सएमपी काढलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार फेरे रात्रभर चालवले, रॅम स्वच्छ. मग बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाचा, रिकाम्या वेळच्या विजेचा पर्याय दिसला, तो 'टिपिकल' केला. दोन दिवस शांतता. मी विजयी चेहऱ्याने भावाला फोनही केला. तिसऱ्या सकाळी चहाचा पहिला घोट, स्क्रीन काळी.

जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते तेव्हा केलं, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजची नोंदवही, उघडला. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद निव्वळ निरुपयोगी आहे. मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नव्हता एवढंच ती सांगते, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिच्याजवळच 'डब्ल्यूएचईए-लॉगर १८' ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद होती. तिच्यात 'कॅश हायरार्की एरर' आणि खाली 'प्रोसेसर अॅपिक आयडी: ४'. मी जुन्या नोंदी उलगडून वहीत लिहून काढल्या. अकरापैकी नऊ वेळा ४ किंवा ५, दोनदा ०. हा आयडी म्हणजे थ्रेडचा, कोअरमधल्या कामाच्या धाग्याचा, क्रमांक. एका कोअरचे दोन थ्रेड आणि मोजणी शून्यापासून, म्हणजे ०-१ पहिला कोअर, २-३ दुसरा, ४-५ तिसरा. जवळजवळ सगळं बिल तिसऱ्याच्या नावावर.

रायझन मास्टर या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर सगळ्यात चांगल्या कोअरची चांदणी त्याच तिसऱ्यावर! वर्गातला हुशार मुलगा. मग कोडं सुटलं. सहाही कोअर एकदम राबतात तेव्हा ७६ वॅटची मर्यादा त्यांना साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास अडवून धरते. तिथे मायनस ३० सहज खपतं. मेल उघडण्यासारखं फुटकळ काम आलं की विंडोज ते चांदणीवाल्याला देतं, आणि तो एकटाच झोपेतून उठून क्षणात ४.८ च्या वर उडी मारतो. त्या उंचीवर त्याला पूर्ण व्होल्टेज हवं असतं. मायनसची एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, तीस पायऱ्या म्हणजे शंभरेक मिलिव्होल्ट मी त्याच्या ताटातून काढून घेतले होते. शिवाय चांगल्या कोअरला कारखान्यातूनच बेताचं व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं, कपात करायला जागाच कमी. माझी आठ तासांची परीक्षा त्याला त्या उंचीवर कधी गेलीच नव्हती घेऊन.

मग कोअरसायकलर उतरवलं. हे प्राइम९५ ला एका वेळी एकाच कोअरवर बसवतं. तिसरा कोअर चौथ्या मिनिटाला गार. संदेश होता, राउंडिंग ०.५, अपेक्षा ०.४ पेक्षा कमी. हा मला फार आवडला. प्राइम९५ अवाढव्य संख्यांचे गुणाकार दशांशात करतं आणि शेवटी उत्तर पूर्णांकाला चिकटलेलं यायला हवं. ०.५ म्हणजे बरोब्बर दोन पूर्णांकांच्या मधोमध. इकडे की तिकडे, प्रोसेसरलाच ठाऊक नाही.

पुढचे चार दिवस डिलीट बटण दाबून बायोसमध्ये जाण्यात गेले. मायनस २५, २०, १५, १२. तिसरा टिकला तो मायनस ८ वर. पहिला मायनस १५ वर, बाकीचे २५ वर. त्यानंतर एक्सएमपी परत लावलं, या वेळी एकटंच. प्रत्येक कोअरला एक तास, म्हणजे एका फेरीला सहा तास. "खोलीत कोणी नाही, कूलर कशाला चालू ठेवून राहिली?" आई. तिला प्रोसेसरवरचा कूलर वेगळा हे सांगून झालंय, पटलेलं नाही.

सिनेबेंच आता ११,५४०. साठ गुण गेले, रेंडरमध्ये फरक कळतसुद्धा नाही.

परवा पुन्हा रात्रभर फेरी लावली तर पाचव्या कोअरने पहाटे एकदा चूक केली. त्याला मायनस २२ वर आणलं. आज सकाळी मेल वाचत होते तेव्हा आई दारातून डोकावली.

"आज नाही पडला का गं बंद?"

"नाही."

"पाऊस आला ना रात्री," ती म्हणाली आणि गेली.