उलटं इंजिन आणि आपले सर

बेळगावच्या आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेने मला काय दिले' या विषयावर पाचशे शब्दांत लिहा, असं समितीचं पत्र आलं. शब्दांची मर्यादा मी पाळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. विषयही पाळणं कठीण आहे, कारण शाळेनं जे दिलं ते माझ्या बाबतीत सरांनीच दिलं. कोणते सर, हे आमच्या वेळच्या मुलांना सांगायला नको. जे मुलांकडून इंजिनाची मॉडेल विमानं बनवून घ्यायचे आणि ज्यांच्या शर्टाला बारा महिने त्या इंजिनातल्या जळक्या एरंडेलाचा वास यायचा, ते सर. मुलं मागे त्यांना 'एरंडेल सर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि बहुधा आवडतही होतं.

बाकीच्या शिक्षकांबद्दल आदर आहेच. पण लिहायला बसलं की प्रयोगशाळेमागची ती अरुंद खोली, भिंतीला टांगलेले बाल्साच्या हलक्या लाकडी फळ्यांचे पंख आणि त्यांना लावायच्या डोपचा, म्हणजे रोगणाचा, डोक्यात जाणारा वास, एवढंच समोर येतं. एसएसएलसीच्या, म्हणजे शालान्त परीक्षेच्या वर्षी घरच्यांनी त्या खोलीत जायला बंदी घातली होती. सर स्वतः घरी येऊन वडिलांशी बोलले, चहा प्यायले आणि बंदी उठली. गणितात मार्क कमी पडले तर मी जबाबदार, असं ते म्हणाल्याचं आई अजून सांगते.

त्या वर्षी २६ जानेवारीच्या संचलनानंतर मैदानात विमान उडवून दाखवायचं ठरलं. साधं ट्रेनर मॉडेल तयार होतं, ते उडतही होतं. पण सरांना एचटी-२ हवं होतं. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये तयार झालेलं, १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे आपल्या देशाचं शिकाऊ विमान. त्याची रचना डॉ. विष्णू माधव घाटगे यांची. ते कोल्हापूरकडचे, जर्मनीत गोटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. "आपल्या शेजारच्या गावचा माणूस विमान काढतो आणि तुम्हाला चिकोडीला एसटीनं जायचं तर उलटी होते," असं सर म्हणायचे. ह्या वाक्यातला तर्क मला आजही लागलेला नाही.

एचटी-२ ला सिरस मेजर इंजिन होतं, १५५ अश्वशक्तीचं, चार सिलिंडरचं आणि उलटं बसवलेलं. म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, क्रँकशाफ्ट, वर आणि सिलिंडरची डोकी खाली. त्यामुळे पंख्याचा आस उंच जातो, पंखा जमिनीला लागत नाही आणि वैमानिकाला नाकावरून पुढचं दिसतं. सरांचं म्हणणं, खऱ्या विमानाचं इंजिन उलटं तर आपलंही उलटंच. शिवाय सुलट बसवलं तर एचटी-२ च्या देखण्या नाकातून इंजिनाचं डोकं वर आलेलं दिसणार. ते त्यांना सहन होत नव्हतं.

आमच्याकडे पॉइंट थर्टी-फाइव्ह घनइंचाचं ग्लो इंजिन होतं, म्हणजे साधारण पावणेसहा सीसीचं. इंधन म्हणजे मेथेनॉल आणि एरंडेल, बस्स. इंधनाचा जोर वाढवणारं नायट्रोमिथेन आम्ही फक्त ऐकून होतो. प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. टेलिफोनच्या दीड व्होल्टच्या मोठ्या बॅटरीनं ते लाल करायचं, इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. बॅटरी काढल्यावरही तार लाल कशी राहते, हा प्रश्न सरांनी आठवडाभर फळ्यावर लिहून ठेवला होता. पुस्तकातल्या उत्प्रेरकाचा धडा आम्हाला त्या तारेवर कळला. मेथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की उष्णता निघते, सिलिंडरमधल्या स्फोटाची धग तिला मिळते आणि तार विझत नाही. पण ती ओली झाली की खेळ संपला.

आणि उलट्या इंजिनात ती ओली होणारच. प्लग सगळ्यात खाली. आत गेलेलं जादा इंधन ओघळून थेट त्याच्यावर येऊन बसतं.

डिसेंबरात सराव सुरू झाला. विमान पालथं धरून इंजिन सुरू केलं की झकास चालायचं, सुलटं केलं की फडफड करून बंद. पुन्हा पंखा मारायला गेलं तर तो जडच. वर्गातला एक भिडू दोन्ही हातांनी पंखा रेटायला लागला, तेवढ्यात सर आले.

"काय करायलास रे?"

"प्लग गेलाय की, सर."

"गेलाय म्हणजे कुठं गेलाय? काढून बघितलास?"

प्लग काढला. खळकन मेथेनॉल बाहेर सांडलं. सरांनी प्लग बॅटरीला लावला, तर तार छान नारिंगी. प्लग ठणठणीत होता. पंखा जड होता तो सिलिंडरमध्ये इंधन साठल्यामुळे. द्रव काही दाबला जात नाही, पिस्टनला वाट मिळत नाही, आणि त्यावर जोर केला की वाकतो तो पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. पंखा जड लागला तर हात बाजूला घ्यायचा, प्लग काढायचा, विमान पालथं करून आतलं सगळं काढून टाकायचं, हा नियम त्या दिवशी ठरला.

पण इतकं इंधन येतंय कुठून? मला सगळ्यात जास्त आठवतो तो ह्याच्या पुढचा तास. सरांनी टाकीची रबरी नळी काढली आणि दवाखान्यातून आणलेली सलाईनची पारदर्शक नळी लावली. विमान दोन बाकांवर चाकांवर उभं केलं, इंधन कमीजास्त करणारी सुई उघडली आणि म्हणाले, "कुणी पंख्याला हात लावायचा नाही. नुसतं बघा." नळीतलं इंधन आपोआप पुढं सरकायला लागलं. पंखा हललाही नव्हता. थोडं व्हेंच्युरीच्या, म्हणजे इंजिन जिथून हवा ओढतं त्या नळीच्या, तोंडातून बाकावर ठिबकलं.

इंजिन आम्ही उलटं केलं होतं, टाकी मात्र होती तिथंच ठेवली होती. सुलट इंजिनात जेट, म्हणजे इंधन बाहेर पडायचं छिद्र, वर असतो, उलटं केलं की तो खाली जातो. टाकी जेटच्या वर राहिली की सायफन आपलं काम करणारच. टाकीचा मध्य जेटच्या पातळीत हवा, किंवा केसभर खाली. म्हणजे इंजिन ओढेल तेवढंच इंधन जाईल.

दुसऱ्या दिवशी टाकी खाली बसावी म्हणून विमानाच्या अंगातली आडवी फळी, फॉर्मर, कापला. शहापुरातल्या पत्र्याच्या कारागिराकडे सर आम्हाला घेऊन गेले. पूर्वीपेक्षा चपटी टाकी हवी होती. म्हातारा डाग देता देता सारखा "स्वल्प तडीरी, सर" (थोडं थांबा, सर) म्हणत होता आणि सर कन्नडमध्ये त्याला व्हेंटची, म्हणजे टाकीत हवा जायची नळी कुठं हवी ते समजावत होते. त्या माणसानं विमान जवळून कधी पाहिलं नसेल, पण टाकी अशी केली की कुठं गळण्याचं नाव नाही.

सुरू करण्याची पद्धतही सरांनी बांधून दिली. एकानं विमान मांडीवर पालथं धरायचं, म्हणजे इंजिनाचं डोकं वर. एक्झॉस्टमधून इंधनाचा थेंब टाकायचा नाही. व्हेंच्युरीवर बोट ठेवून नळीत इंधन येईपर्यंत पंखा फिरवायचा, मगच बॅटरी. बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. इंजिनानं सूर धरला की सावकाश सुलटं करायचं, आणि सुई पंख्याच्या मागं राहूनच फिरवायची. आपलं गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, हवा थोडी विरळ, म्हणून इंजिनाबरोबरच्या कागदावर लिहिलंय त्यापेक्षा सुई जराशी आत, म्हणजे इंधन थोडं कमी. पण जमिनीवर मिश्रणात इंधन किंचित जास्त, म्हणजे आवाज भरडच ठेवायचा, कारण हवेत गेल्यावर पंख्यावरचा भार कमी होतो आणि मिश्रण आपोआप पातळ होतं.

२६ जानेवारीला वर्तुळाच्या मध्यात हँडल घेऊन सर स्वतः उभे राहिले. साठ फुटांच्या दोन तारा, टोकाला पिवळा एचटी-२. उचलल्यावर पहिल्याच फेरीत आवाजाचा भरडपणा गेला आणि इंजिन गायला लागलं. प्राथमिकचा एक पोरगा ओरडला, "याचं इंजिन कुठं आहे?" सरांना याहून मोठं प्रमाणपत्र कुणी दिलं नसेल. माझ्या पांढऱ्या पीटीच्या पँटवर एरंडेल उडालं, ते डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

आज उद्यमबागेत माझं वर्कशॉप आहे. हायड्रॉलिकचे सुटे भाग करतो, हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) एका कारखान्याला जिग्ज, म्हणजे काम करताना भाग पकडून ठेवायचे साचे, पुरवतो. पंप गेलाय म्हणून कुणी आला की मी विचारतो, काढून बघितलात का? माझ्याकडची मुलं हसतात. हसू देत.

मागच्या महिन्यात शाळेत गेलो होतो. मैदानाचा जिथं आम्ही वर्तुळ आखायचो तो भाग आता फरशी घालून गाड्या लावायला केलाय. ज्यांनी ठरवलं त्यांनी विचार करूनच ठरवलं असेल, पण मला बरं वाटलं नाही. मुलांच्या हातात ड्रोन आहेत. बॅटरी लावली की उडतात, ना सुई ना प्लग. चांगले आहेत. पण बंद पडला की तो दुकानात जातो आणि बंद डब्यातून दुसरा येतो. पहिलीच्या वर्गाचा पट ऐकला तेव्हा तर बोलवेना. सर असते तर गल्लोगल्ली फिरून मुलं गोळा करून आणली असती.

एक विनंती. प्रयोगशाळेच्या डावीकडच्या कपाटात, खालच्या फळीवर ते इंजिन अजून आहे, मी पाहिलं. प्रदर्शनात मांडणार असाल तर कुणी हौसेनं पंखा फिरवू नका. आतलं एरंडेल वाळून लाखेसारखं घट्ट झालंय. आधी बॅकप्लेट, म्हणजे इंजिनाचं मागचं झाकण, काढून मेथेनॉलमध्ये दोन-तीन दिवस भिजत ठेवावं लागेल, मग थोडं गरम करून हलक्या हातानं सोडवावं लागेल. ते काम मी करीन. चावी कुणाकडे आहे तेवढं कळवा.