तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूरोफीडबॅकने लक्ष परत येतं का?

महिन्यातून दोनतीनदा तरी फोन येतो, बहुतेक ओळखीच्यांच्या ओळखीतलं कुणीतरी असतं, भावाचा अपघात झालाय नाहीतर मुलीच्या डोक्याला मार लागलाय, बाकी सगळं सावरलं पण कशात लक्षच लागत नाही, आणि मग तो प्रश्न, "तुम्ही ते न्यूरोफीडबॅक घेतलंत ना, उपयोग झाला का हो?" फोनवर माझ्याकडून दरवेळी अर्धवटच सांगितलं जातं, म्हणून आज बसून नीट लिहितेय.

मी जिन्यावरून पडले होते. काही मिनिटं शुद्ध नव्हती, सीटी स्कॅन नॉर्मल आला, आणि स्कॅन नॉर्मल म्हणजे मेंदूही नॉर्मल असं घरच्यांनी धरलं, मीही धरलं. डोकं आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत हिसकला जातो आणि पेशींना जोडणारे लांब बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात, आणि हे साध्या सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. लक्ष काही मेंदूच्या एका कोपऱ्यात नसतं, ते लांब लांबच्या भागांनी मिळून करायचं काम आहे, त्यामुळे जोडण्या दुखावल्या की पहिला फटका तिथे बसतो.

मी गणित शिकवते. पेपर तपासायला बसले की तिसऱ्या पेपरला गाडी अडायची, या प्रश्नाचे मार्क दिले की नाही, परत मागे जा, परत बेरीज, परत मागे. स्टाफरूममध्ये दोघीजणी एकदम बोलायला लागल्या की मला दोघींचंही काही कळायचं नाही. "अगं आमचंही होतं असं" म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असायचा, पण त्याने फार एकटं वाटायचं.

आता न्यूरोफीडबॅक म्हणजे काय ते. डोक्यावर पेस्ट लावून सेन्सर चिकटवतात, ते फक्त वाचतात, करंट वगैरे काही देत नाहीत, हे आधी सांगते कारण बऱ्याच जणांना शॉकची भीती असते. माणसाच्या मेंदूचे हे विद्युत सिग्नल हान्स बर्गर यांनी १९२४ सालीच टिपले होते, म्हणजे वाचण्याचं तंत्र जुनंच आहे. यात सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा हलणाऱ्या संथ लहरींना थीटा म्हणतात, झोप येत असली की त्या वाढतात, आणि १३ च्या पुढच्या जलद लहरींना बीटा. कॉम्प्युटर हे प्रमाण सतत मोजत असतो आणि तुम्ही हव्या त्या बाजूला, म्हणजे थीटा कमी आणि बीटा जास्त असं, गेलात की स्क्रीनवरचा व्हिडिओ स्वच्छ दिसतो, घसरलात की अंधुक होतो. मेंदूने हे बक्षीस बघून आपोआप शिकावं अशी कल्पना. बॅरी स्टर्मन यांनी साठच्या दशकात मांजरांना अशीच एक लहर वाढवायला शिकवलं आणि पुढे त्या मांजरांना फिट आणणाऱ्या रसायनाचा त्रास उशिरा झाला असं दिसलं, तिथून या उपचाराची सुरुवात झाली.

मी दोन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी आल्या आल्या मेंदूचा रंगीत नकाशा काढला, पुढच्या भागात लाल डाग दाखवले आणि सांगितलं की हाच तुमचा प्रॉब्लेम, ४० सेशनमध्ये हे लाल जाईल. मी रडले तिथे, कारण इतक्या महिन्यांनी कुणीतरी माझा त्रास दिसतोय म्हणालं होतं. पण आदल्या रात्री मी जेमतेम तीन तास झोपले होते आणि ते मला कुणी विचारलंच नाही. अपुऱ्या झोपेने थीटा वाढतोच, काही औषधांनीही नकाशा बदलतो, मग त्या लाल रंगात मार किती आणि जागरण किती हे कसं ठरवणार? वर तिथेच दहाव्या सेशनच्या आसपास माझ्या लक्षात आलं की दात आवळून धरले की स्क्रीन लगेच स्वच्छ होतो. जबड्याच्या आणि कपाळाच्या स्नायूंचा सिग्नल बीटाच्या पट्ट्यात मिसळतो, म्हणजे मी इतके दिवस स्नायूंचाच व्यायाम करत होते की काय कुणास ठाऊक. मी विचारलं तर "चांगलं आहे की, स्कोअर वाढतोय" असं उत्तर आलं. तेव्हा सोडलं.

दुसऱ्या ठिकाणी न्यूरोसायकॉलॉजिस्ट होत्या, म्हणजे मेंदूच्या दुखापतीचा लक्ष, स्मरण, वागणं यांवर काय परिणाम होतो ते तपासणाऱ्या मानसतज्ज्ञ. त्यांनी पहिले दोन तास मशीनला हातच लावला नाही, झोप, डोकेदुखी, मूड, औषधं, फिट कधी आली होती का, सगळं विचारलं, लक्षाच्या आणि स्मरणाच्या टेस्ट घेतल्या. मग म्हणाल्या, तुम्हाला काय जमायला हवंय ते एका वाक्यात सांगा. मी म्हटलं, न अडखळता दहा पेपर. त्यांनी तेच लिहून घेतलं आणि दर आठवड्याला तेच विचारायच्या, स्क्रीनवरच्या स्कोअरला त्यांच्या लेखी फारशी किंमत नव्हती. आठवड्यातून दोनदा अर्धा तास मशीन, तेही स्नायूंचा सिग्नल वेगळा दाखवणारं, आणि बाकीचा वेळ दुसरंच काम: एका वेळी एकच काम, फोन दुसऱ्या खोलीत, वीस मिनिटांनी थांबायचंच, आणि दर थोड्या वेळाने स्वतःला विचारायचं की मी आत्ता काय करत होते. आणि सगळ्यात आधी झोप.

सहा महिन्यांत मी दहा पेपरवर पोचले. म्हणून मला उपयोग झाला का विचारलं तर हो, मी सुधारले. पण मशीनने सुधारले का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, कारण झोप सुधारली, कामाची पद्धत बदलली, काळही गेला, आणि आठवड्यातून दोनदा कुणीतरी माझं पूर्ण ऐकून घेत होतं, हे सगळं एकाच वेळी चालू होतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, असलेल्या ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर एक मोठी ट्रायल झाली, काहींना खरा फीडबॅक आणि काहींना दिसायला तसाच पण खोटा, कुणाला कुठला ते घरच्यांनाही माहीत नाही. दोन्हीकडची मुलं सुधारली आणि दोन्ही गटांत खास फरक निघाला नाही. डोक्याला मार लागलेल्यांवरचे अभ्यास तर बरेचसे छोटे आहेत आणि खोट्या फीडबॅकशी तुलना केलेले फारच थोडे. हे सांगितलं की फोनवर पलीकडे शांतता पसरते, मला कळतं ते, आशा घेऊन विचारलेलं असतं. पण तुम्ही पैसे आणि त्याहून जास्त म्हणजे उरलीसुरली ताकद खर्च करणार आहात, तर खरं सांगायलाच हवं.

एक गोष्ट मात्र मला मशीनमुळेच मिळाली असं वाटतं. स्क्रीन अंधुक व्हायच्या किंचित आधी आतून काहीतरी सैल पडल्यासारखं व्हायचं, ते मला ओळखू यायला लागलं. आधी लक्ष गेलंय हे मला पाच मिनिटांनी कळायचं, आता बऱ्याचदा जाताजाताच कळतं आणि मी पेन खाली ठेवते. हे मशीनशिवाय शिकता आलं असतं का? कदाचित आलं असतं, मी या वाटेने शिकले इतकंच.

तुम्ही जाणारच असाल तर आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा, विशेषतः फिट आली असेल तर. औषधं बंद करा असं कुणी सेंटरमध्ये म्हणालं तर तिथून उठा. रोजच्या जगण्यातलं काय मोजणार ते विचारा, आणि काहीच फरक दिसला नाही तर कितव्या सेशनला थांबायचं ते सुरुवातीलाच ठरवून घ्या. आणि बाकीचं रिहॅब, म्हणजे पुनर्वसनाचे नेहमीचे उपचार, आधी किंवा बरोबरीने, त्याच्या जागी हे नको.

आणखी काही विचारायचं असेल तर फोन करा, खरंच करा, फक्त सकाळी करा. संध्याकाळी सहानंतर समोरच्याचं बोलणं धरून ठेवणं मला अजूनही जड जातं, आणि तुमचं मला नीट ऐकायचंय.